शंभरावी सही

नोंदवहीत शंभर सह्या झाल्या तरच गाव नकाशावर स्वतंत्र राहणार होतं. नाहीतर पलीकडच्या गावाचं शेपूट! जमल्या होत्या नव्व्याण्णव. शंभरावं माणूस डोंगरमाथ्यावर, बंद पडलेल्या खाणीच्या वरच्या तोंडाशी एकटं राहत होतं. म्हणून शाळेच्या बाई सकाळीच वही पिशवीत घालून निघाल्या. सोबत वाटाड्या म्हणून मोजणीदारकाका. खाणीचे सगळे नकाशे त्यांच्या हातचे. गुडघे मात्र केव्हाच संपावर गेलेले.

गावाला तीन बाजूंनी डोंगर, आणि चौथ्या बाजूला खाणीतून उपसलेल्या दगडमातीचा ढिगारा, तोही डोंगराएवढाच. काकांना अभिमान त्याचाच. ते तीन आयते मिळाले, हा आमच्या आज्या-पणज्यांनी घमेल्या-घमेल्याने रचलाय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. वाट त्याच्यावरूनच होती.

अर्ध्यावर बाईंच्या पायाखालची खडी सरकली. अख्खा उतारच निघाला! खाली बसा, म्हणून काका ओरडले. बाई बसल्या, दहाबारा हात घसरत गेल्या आणि एका गंजलेल्या रुळाला अडकल्या. तळहात सोलवटले होते. पुढे कमरेएवढ्या तांबूस पाण्याचा ओढा, पूल वाहून गेलेला. तो दोर बांधून ओलांडला. मग कड्याला लोखंडी शिडी. एकोणसत्तर पायऱ्या, त्यांतल्या चार गायब!

माथ्यावरच्या म्हातारीने पाणी दिलं, बसायला पोतं दिलं. वहीला हात लावला नाही. तीस वर्षांपूर्वी खाणीत पाणी भरलं, तेव्हा मालकाच्या हुकमावरून गावाने आधी यंत्रं वर ओढली होती. तिचा नवरा खालीच राहिला. या गावाच्या यादीत माझं नाव नको, एवढंच ती म्हणाली. काकांची मान खाली गेली. यंत्रं ओढणाऱ्यांत तेही होते.

दोघं हात हलवत परतले. ओढा आता छातीपर्यंत चढला होता. वही भिजू नये म्हणून बाईंनी पिशवी डोक्यावर धरली होती. मधोमध काकांचा पाय निसटला. दोर सुटला! बाईंनी पिशवी सोडली आणि काकांची कॉलर पकडली. पाण्याने दोघांना खडकावर आपटलं. बाईंनी मूठ सैल केली नाही. वही गटांगळ्या खात गेली, नव्व्याण्णव सह्यांसकट.

काठावर काका रडायलाच लागले. एका म्हाताऱ्यापायी गाव बुडवलंत, म्हणाले.

"काका, तुम्ही गेला असतात तर नव्व्याण्णव तरी कुठे भरले असते?"

दुसरा दिवस सह्यांच्या मुदतीचा शेवटचा. कुणी बाईंना एका शब्दानेही बोललं नाही. सकाळपासून शाळेत रीघ लागली. आजारी सुताराला त्याच्या भावांनी खाटेसकट आणलं. दुपारपर्यंत नव्या वहीत पुन्हा नव्व्याण्णव सह्या! एक कमी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी एकही माणूस घरी गेला नाही. बाईंना त्या सगळ्यांचा फार अभिमान वाटला.

आणि दारात काठी वाजली. तो कडा, तो ओढा, तो ढिगारा, सगळं उतरून म्हातारी एकटी आली होती!

"वरून सगळं दिसतं, पोरी," ती म्हणाली. "तेव्हा यांनी माणूस सोडून यंत्रं धरली. काल तू वही सोडून माणूस धरलास. आण इकडे."

तिने सावकाश सही केली. मग काल वाचलेला तो कुठे बसलाय, असं विचारलं, आणि काकांच्या बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली.