मधोमध बसायची जागा

त्यानं मला गिऱ्हाईक समजून खुर्चीत बसवलं, आणि मी त्याला तसं समजू दिलं. चूक म्हणाल तर माझी एवढीच.

मी गेले होते पडद्यांची मापं घ्यायला. शिवणकाम हा माझा धंदा. त्या दुकानात गाणी ऐकून बघायची एक खोली होती, आणि भिंतींवरून आवाज उसळून परत येऊ नये म्हणून मालकांना तिथे जाड, चुण्यांचे पडदे हवे होते. बाहेर रिपरिप चालू होती. छत्री झटकत आत शिरले तर तो समोर उभा, दुकानातला विक्रेता. बाह्या दुमडलेल्या, शर्टाचं तिसरं बटण एका दोऱ्यावर लोंबकळत. माझी नजर आधी बटणावर गेली, धंद्याची खोड. मग वर गेली, आणि... वरच राहिली.

बसा म्हणाला. बसले.

समोर एक चपटी पेटी होती, माझ्या शिलाई मशीनच्या झाकणाहून लहान. हा अ‍ॅम्प्लिफायर, तो म्हणाला, आणि लेकीचं कौतुक सांगावं तसा सांगत सुटला. पूर्वी यासाठी घरात पेट्यांची चळत लागायची, आता सगळं हिच्या पोटात. रेकॉर्ड प्लेअरची वायर इथे, टीव्हीची तिथे, फोनमधलं गाणं तर वायरीवाचूनच येतं. हे बटण दाबलं की जाडे-बारीक सूर कमीजास्त करायची भानगड बाजूला. गाणं जसं गायलं तसं सरळ कानात. आवाजाचं बटण त्यानं मलाच फिरवायला लावलं. जड, गार, आणि तेल घातलेल्या चाकासारखं अलगद. मग त्यानं आवाज अगदी बारीक केला. दुसऱ्या कुठल्या यंत्रावर गाणं विरूनच गेलं असतं. इथे मात्र गाणारीनं ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा मला ऐकू आला.

वीस मिनिटं गेली. काही शंका, त्यानं विचारलं.

"एकच," मी पर्समधून टेप काढत म्हणाले. "खिडकीची उंची घ्यायचीय. स्टूल आहे?"

तो कानांपर्यंत लाल झाला. मग हसला, आणि टेपचं दुसरं टोक धरून स्वतःच स्टुलावर चढला. निघताना म्हणाला, आमचं दुकान हे यंत्र आठ दिवस घरी ऐकायला देतं. आणि पडदेवाल्या बाई इतक्या मन लावून ऐकतात, हे त्याला नवीन होतं म्हणे.

शनिवारी तो पेटी घेऊन घरी आला. रेकॉर्ड प्लेअर आणि दोन जुने स्पीकर आमच्याकडे होतेच. घरात आम्ही दोघीच, मी आणि आत्या. आत्याला कानांनी कमी ऐकू येतं, त्याची भरपाई ती डोळ्यांनी करते. आल्या आल्या त्यानं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेप लावली, तेव्हाच आत्यानं त्याचं नाव ठेवून टाकलं: मापाडी.

हे यंत्र खोली मोजतं, तो समजावत होता. प्रत्येक खोली गाण्यात आपलं काहीतरी मिसळते. कोपरा घुमतो, काच किणकिणते. म्हणून ऐकणारा बसतो तिथे छोटा माईक उभा करायचा. यंत्र खालून वर चढत जाणारा एक सूर सोडतं, तो कसा परत येतो ते ऐकतं, आणि आपला आवाज त्या जागेच्या मापानं बेतून घेतं. अशी दोन मापं ते लक्षात ठेवतं.

"म्हणजे हेही शिंपीच की," मी म्हणाले.

"हो, पण तुमच्यापेक्षा कमी बोलतं."

माईक माझ्या मशीनजवळच्या खुर्चीपाशी उभा राहिला. आम्ही श्वास धरून गप्प. सूर चढू लागला, आणि खोलीत कुठेतरी झण्ण झालं. पुन्हा केलं, पुन्हा झण्ण. तो कपाटाला, काचेला, खिळ्यावरच्या कात्रीला तळहात लावत फिरला, डॉक्टर लहान मुलाचं पोट तपासतात तसा. शेवटी वरच्या फळीवर हात थांबला. माझा बटणांचा डबा. जाडा सूर आला की आतली शेकडो बटणं थरथरत होती. त्यानं डबा उतरवून माझ्या ओंजळीत ठेवला, आणि माप लागलं.

निघण्याआधी त्यानं पेटीला हेडफोन जोडून आत्याच्या कानांवर चढवले. या यंत्रात स्पीकर आणि हेडफोन दोन्ही एकदम चालतात, आणि हेडफोनचा आवाज वेगळा वाढवता येतो. आत्या हळूहळू ताठ बसली. कितीतरी वर्षं तिला गाण्याची नुसती गुणगुण कळत होती.

"अगं," ती म्हणाली, "शब्द कळतायत."

तिचे डोळे भरले, तसा तो पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला. त्या पाठीवर माझं मन बसलं, हे मी आजच कबूल करते.

दारात चपला घालताना तो सहज बोलून गेला. मालक दुसऱ्या शहरात नवीन दुकान काढतायत, बारा तासांच्या अंतरावर. ते त्यानं सांभाळावं म्हणतात. पुढच्या शनिवारी हो की नाही कळवायचंय.

मी विचारलं, जाणार?

"इथे थांबायला तसं काही कारण नाही," तो म्हणाला, आणि उगाच माझ्याकडे बघत राहिला.

मी दाराची कडी वरखाली करत राहिले.

तीन दिवस पडदे शिवले. यंत्र गात होतं आणि मी टाके उसवत होते. बुधवारी स्टुलावर चढले, बटणांचा डबा गुपचूप फळीवर ठेवला, आणि दुकानात फोन केला की आवाजात झणझण येतेय. तो अर्ध्या तासात हजर. ना कपाट तपासलं ना काच, सरळ फळीशी गेला.

"हा आपण उतरवला होता."

"चढला असेल," मी म्हणाले.

त्यानं डबा उतरवून माझ्या हातात दिला. शर्टाचं तिसरं बटण एव्हाना गळलंच होतं. मी डब्यातून जोडीचं हुडकलं आणि अंगावरच्या शर्टालाच टाके घालू लागले. हलू नका म्हटलं. हललो तर टोचाल म्हणून हलत नाही, तो म्हणाला, पण आवाज नेहमीचा नव्हता. कोपऱ्यात आत्या हेडफोन लावून मोठ्यानं गुणगुणत होती, तिचं ते स्वतःचं रचलेलं काहीतरी:

सुई जाते पुढं पुढं, दोरा येतो मागं मागं
ज्यानं ओवायचं बाई, तो का उंबऱ्याशी उभा गं

दोरा दातांनी तोडायचा असतो. तेवढं जवळ जायचा धीर झाला नाही, मी कात्री आणायला गेले.

शनिवारी तो आला तो पडदे आणि पेटी, दोन्ही न्यायला. पडदे घडी घालून तयार होते. त्यानं पेटीला हात घातला.

"ती राहू दे," मी म्हणाले. "ठेवून घेतेय. फक्त अजून एक माप घ्यायचंय. दोन मापं लक्षात ठेवते म्हणालात ना?"

हो म्हणाला, कुठलं माप? मी आतला लाकडी बाक ओढत आणला आणि स्पीकरांसमोर ठेवला.

"या बाकाचं. दोघांसाठी."

"आत्यांना हेडफोन आहेत की."

"आत्यासाठी नाही."

तो माईक हातात धरून उभा राहिला. मग त्यानं बाकाची लांबी टेपनं मोजली.

"दोघांचं अवघड असतं," तो म्हणाला. "दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसलं तरच गाणारी समोर उभी राहते. ती जागा एकाच्याच मापाची."

"मग काय करतात लोक?"

"...अगदी जवळ बसतात."

मी बाकाच्या एका टोकाला बसले. तो दुसऱ्या टोकाला. मधे माईक. खिशातला फोन वाजला. मालक, होकार विचारायला. तो माझ्याकडे बघत बोलला.

"नाही जमणार साहेब. इथलं माप बाकी आहे."

त्यानं फोन बंद केला आणि सुरू करायचं बटण दाबलं. सूर खालून निघाला आणि चढत चढत छताला भिडला. या वेळी खोलीत काहीच झणझणलं नाही. डबा माझ्या मांडीवर होता. मग त्यानं माईक उचलला, माझी आवडती रेकॉर्ड लावली, आणि बाकावर बसून हळूहळू सरकत मधोमध आला. मीही सरकले. खांद्याला खांदा लागला तेव्हा गाणारी श्वास घेत होती.

आत्यानं एका कानावरचा हेडफोन वर केला.

"काय रे मापाडी, जमलं का माप?"

"जमलं," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.