जोडीदाराचे बुडबुडे

"थुंका."

चेलनाने मान वर केली. उन्हात रापलेला एक उंच मुलगा तिच्या हातातल्या डायव्हिंगच्या चष्म्याकडे बोट दाखवत होता.

"काय?"

"चष्म्यात थुंका. आतून, काचेवर. मग बोटाने चोळा आणि पाण्यात विसळा."

"का?"

"का म्हणजे... काचेवर वाफ धरत नाही."

"पण थुंकीने वाफ का धरत नाही?"

मुलगा विचारात पडला. "ते काही विचारलं नाही मी. मॅडमने सांगितलं, थुंकलो."

चेलनाची जळगावहून निघालेली एसटी पारोळ्याला बंद पडली होती. धुळ्याला, देवपुरातल्या या पोहण्याच्या तलावावर ती पोहोचली तोवर पहिला तास संपला होता आणि सगळ्यांच्या जोड्या लागल्या होत्या. एकटा हाच उरला होता. तिने तोंड फिरवलं, चष्म्यात हळूच थुंकली, चोळलं, विसळलं. काच लख्ख दिसायला लागली.

"प्रेमराज," तो म्हणाला. "चोपड्याचा. केळीवाला."

"चेलना. जळगाव. पाइप आणि मोटरचं दुकान."

"म्हणजे माझ्या विहिरीतली मोटर तुमच्याकडचीच असेल."

"चालते ना नीट?"

"चालते."

"मग आमच्याकडचीच."

तो हसला. हसताना त्याने खाली बघितलं, आणि चेलनाला ते आवडलं. तसं तिने मनातही कबूल केलं नाही.

दिपमाला मॅडम मूळच्या धुळ्याच्या. बरीच वर्षं मालवणला लोकांना समुद्रात उतरवून त्या परत आल्या होत्या. शनिवार-रविवारी तलावात शिकवायच्या आणि जे पास होतील त्यांना मालवणला न्यायच्या. आवाज खणखणीत, बोलणं थोडकं.

"पाण्यात एकट्याने जायचं नाही. जो जोडीला, त्याच्यावर डोळा ठेवायचा. उतरण्याआधी त्याचं जाकीट, पट्टे, सिलिंडरचा नळ तुम्ही तपासायचा, तुमचा त्याने. कान दुखायच्या आधी नाक दाबून हलकी हवा द्यायची. दुखल्यावर देऊन उपयोग नाही. सर्दी असली तर घरी बसायचं. आणि सगळ्यात मोठं काय?"

"श्वास रोखायचा नाही," सगळे म्हणाले.

"कधीच?"

"कधीच."

प्रेमराजने चेलनाच्या खांद्यावरचा पट्टा ओढून बघितला, मग सिलिंडरचा नळ. त्याची बोटं फार सांभाळून चालत होती. काचेच्या भांड्याला हात लावावा तशी.

"घट्ट झाला का?"

"झाला."

"मग सांगायचं ना."

"तुम्ही एवढं मन लावून करत होता..."

तो गडबडून मागे सरला आणि पायातल्या स्वतःच्याच रबरी फिन्सवर पाय पडून काठावर बसला. चेलना तोंडावर हात ठेवून हसली. पुढच्या शनिवारपर्यंत दोघं तुम्हीवरून तूवर आले होते.

"तुझ्या घरचे मासे खात नाहीत," एकदा काठावर चहा पिताना त्याने विचारलं. "आणि तू मासे बघायला पाण्यात चाललीस?"

"खात नाही म्हणूनच. जैनांच्या घरात लहानपणापासून ऐकते, पाण्यात जीव असतात, पाणी गाळून प्या. मग ते जीव आपापल्या घरी राहतात कसे, ते बघायला नको?" तिने कप खाली ठेवला. "पप्पा म्हणाले, बाई, दुकानात बसून मोटरी बघ. आणि तू? तुला काय बघायचंय?"

"मला काही बघायचं नाही. मला तळ गाठायचा."

मग त्याने सांगितलं. त्यांच्याकडे विहिरीत सूर मारून तळाची माती मुठीत वर आणायची पद्धत. मूठ उघडून दाखवल्याशिवाय कोणी मानत नाही. गावात सगळ्यात जास्त वेळ खाली राहणारा प्रेमराज. कोणाची बादली पडली, मोटरचा दोर तुटला, की माणसं त्यालाच बोलवायला यायची. श्वास रोखणं ही त्याची कमाई होती.

"म्हणून इथं जड जातं," तो म्हणाला. "पाण्यात तोंड गेलं की श्वास आपोआप बंद होतो."

"पण इथं का रोखायचा नाही, ते ठाऊक आहे ना तुला?"

"मॅडम म्हणाल्या म्हणून."

"तू काहीच विचारत नाहीस का रे?"

"तू विचारतेस ना दोघांच्या वाटचं."

परीक्षेच्या दिवशी ते खोल बाजूला उतरले. पाणी निळं, शांत, आणि कानात फक्त आपलाच श्वास. चेलनाला ही जागा आवडायला लागली होती. इथं बोलता येत नाही, म्हणून माणूस डोळ्यांनी बोलतो. प्रेमराजने बोटाचा गोल करून विचारलं, ठीक? तिने गोल केला, ठीक. त्याने पुन्हा विचारलं. गरज नव्हती. तिने पुन्हा सांगितलं. चष्म्याआड त्याचे डोळे हसत होते.

तेवढ्यात शेजारच्या जोडीतल्या मुलाने पाय झाडला. त्याची फिन प्रेमराजच्या तोंडावर बसली आणि तोंडातली हवेची नळी सुटली.

अशा वेळी काय करायचं, हे दोघांनी पुष्कळ वेळा घोकलं होतं. तोंडातून बारीक बुडबुडे सोडत राहायचं, हात मागे फिरवून नळी शोधायची, नाही सापडली तर जोडीदाराची जादाची पिवळी नळी घ्यायची. चेलनाने आपली पिवळी नळी काढून पुढे केलीसुद्धा. पण प्रेमराजने ओठ मिटले, गाल आवळले आणि पायाने तळाला रेटा देऊन विहिरीतून यावं तसा तो सरळ वर गेला. त्याच्या तोंडातून एकही बुडबुडा निघाला नाही.

ती श्वास सोडत सावकाश वर आली. तो काठ धरून हसत होता. दिपमाला मॅडम दुसऱ्या टोकाला होत्या, त्या पोहत आल्या.

"श्वास सोडत आलास ना?"

"हो."

"चेलना? तू बघत होतीस."

प्रेमराजने तिच्याकडे बघितलं. नजरेत विनंती होती. मालवणला जायला तीन आठवडे उरले होते. दोघांनी एकाच बोटीत बसायचं, पहिला मासा कोणाला दिसतो त्याची पैज लावायची, हे सगळं ठरलं होतं. चेलनाने नजर मॅडमकडे वळवली.

"नाही सोडला," ती म्हणाली. "बुडबुडे नव्हते."

मॅडमनी प्रेमराजला बाहेर काढलं. छाती दुखते का, खोकला येतो का, बोलताना त्रास होतो का, सगळं विचारलं. मग शेजारच्या दवाखान्यात डॉक्टरला दाखवून आणलं. काही झालं नव्हतं. पण मालवण रद्द. सगळे धडे पहिल्यापासून.

तिला एसटी स्टँडवर उतरवल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, "मेलो होतो का मी?"

"नाही."

"मग काय गरज होती?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर त्याने मोटरसायकलला किक मारली होती.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन वाजून वाजून बंद पडायचा. मॅडम चेलनाच्या जोडीला स्वतः उतरल्या. त्या तिच्याकडे बघायच्या, पण कामापुरतंच. बोटाचा गोल एकदाच करायच्या.

दुकानात चोपड्याचे जीवराम नाना पाइप न्यायला आले. चेलनाने पावती करता करता विचारलं, "नाना, केळीवाल्या प्रेमराजचं शेत कुठं आलं?"

"काय काम शे पोरी?"

"मोटरचं."

नानांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी रस्ता सांगितला, वळणांसकट.

ती भर दुपारी पोहोचली. केळीची पानं वाऱ्यावर फडफडत होती आणि विहिरीच्या काठावर प्रेमराज दोर गुंडाळत होता. तिला बघून हात थांबले, चेहरा मात्र आवळलेलाच राहिला.

"भांडायला आलीस?"

"नाही. एक गोष्ट करून दाखव. मग मी निघते." तिने पिशवीतून पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली काढली. "पाणी किती आहे?"

"तीस-पस्तीस फूट."

"ही उलटी धरून तळाला जा. तोंड खाली. तिथं बघ, आत काय होतं. मग तिथंच बूच घट्ट लाव आणि वर ये. दोर कमरेला बांध, दुसरं टोक माझ्याकडे. एकट्याने जायचं नाही."

त्याला हसू आलं, ते त्याने दाबलं. दोर बांधला, एक टोक तिच्या हातात दिलं आणि सूर मारला.

विहिरीतलं पाणी हललं आणि मिटलं. चेलना दोर धरून खाली बघत राहिली. दोर थांबला. तिला वाटलं, फार वेळ झाला. फार झाला. मग दोर सैल पडला आणि त्याचं डोकं वर आलं.

पायरीवर बसून तो बाटलीकडे बघत होता. बाटली निम्मी पाण्याने भरली होती, पण ती टणक झाली होती. दगडासारखी. बोटाने दाबली तरी दबेना.

"खाली हवा निम्मीच उरली होती," तो म्हणाला. "वरून जाताना बाटली हवेने भरलेली होती. एक बुडबुडा सुटला नाही, तरी निम्मी."

"पाण्याने दाबली. तू वरून छाती भरून घेतोस, तीही खाली अशीच दबते, आणि वर येताना पुन्हा होती तेवढीच होते. म्हणून विहिरीत तुझं काही बिघडत नाही. पण सिलिंडरने तू खालीच छाती भरतोस. दाबलेल्या हवेने. मग तोंड बंद करून वर आलास तर..."

त्याने बूच फिरवलं. फुस्स झालं, आणि बाटली मऊ पडली.

"ही प्लास्टिकची आहे, म्हणून टिकली," चेलना म्हणाली. "फुप्फुस एवढं टणक नसतं रे. तलावातल्या पाण्यातसुद्धा ते फाटू शकतं. त्या दिवशी तुझ्या तोंडातून बुडबुडे निघत नव्हते आणि मी खाली उभी होते. काही करू शकत नव्हते. तू वर जाऊन हसलास."

त्याच्या ओल्या केसांतून पाणी गळत होतं. मग त्याने विहिरीच्या काठावर ठेवलेला फोन उचलला आणि नंबर लावला.

"मॅडम, प्रेमराज. मी खोटं बोललो होतो त्या दिवशी. चेलना खरं बोलली." पलीकडून काहीतरी थोडकं आलं. "हो. पहिल्यापासून. शनिवारी येतो."

फोन ठेवून तो पायरीवरच बसून राहिला.

"तू जाशील आता मालवणला," तो म्हणाला. "जा. मासे बघून ये."

"मी नाव पुढच्या तुकडीत घातलं."

"का?"

"मॅडम चांगल्या आहेत. पण मला जोडीदार बदलायचा नाही." ती दोर हातावर गुंडाळत होती, तो संपला तरी गुंडाळत राहिली. "घरी सांगायला मला वेळ लागेल. पप्पांना समुद्र परवडला, चोपडा परवडेल का, माहीत नाही. पण सांगणार आहे."

प्रेमराज तिच्याशी नेहमी शहरातली मराठी बोलायचा, जपून. आता ती त्याला सापडेना.

"माले तू आवडस," तो म्हणाला. "पहिल्या दिनपाईन."

दुकानात बसून सगळ्या गिऱ्हाइकांची बोली तोंडात बसलेली चेलना म्हणाली, "माले ठाऊक शे."

तो इतका दचकला की पायरीवरून घसरता घसरता राहिला. तिने त्याचा हात धरला, आणि तो नीट बसल्यावरही सोडला नाही.

केळीतून त्याची आई ताईबाई येत होती. कपाळावर हात धरून तिने विहिरीकडे बघितलं. ओलाचिंब मुलगा, त्याच्या शेजारी शहरातली अनोळखी मुलगी, दोघांत एक दोर.

"कोन शे रे ती पोर?"

प्रेमराज उभा राहिला. हात तसाच होता. "माय, हाई चेलना. हिनी माले मरू दिधं नही."

ताईबाईने दोघांच्या हातांकडे बघितलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मंग तिले उन्हामा का बसाडी शे?" ती म्हणाली आणि घराकडे हात दाखवला. "घरमा लई ये."