घरी जायची चाल

मे महिन्यात नागपूरची दुपार रात्रीहून सुनी असते, हे बाहेरगावच्या माणसाला पटत नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दारं बंद, पडदे ओढलेले, घरोघरी कूलरची घरघर. अशाच एका रविवारी पन्ह्याची बाटली घेऊन मी प्रताप नगरात धर्मेंद्रकडे खेळायला गेलो. माझ्या गोष्टींतलं निम्मं सोडून द्यावं, असं माझे मित्रच सांगतात. ही उरलेल्या निम्म्यातली.

खेळ म्हणजे पत्ते नव्हेत. एक जण गोष्ट चालवतो, त्याला मास्टर म्हणायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतं ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. धर्मेंद्र आमचा मास्टर. आठवडाभर पोरांना गणित शिकवायचा, त्यामुळे खेळातही कडक. राजा घ्यायचा नाही, उडणारा मांत्रिक घ्यायचा नाही. आणि खेळ थांबवताना प्रत्येकाने आपल्या पात्राचा मुक्काम सांगायचा, मगच चपला घालायच्या. "मोकळं पात्र सोडायचं नाही," म्हणायचा. मी माझ्या चोराला दर वेळी हलवायाच्या भट्टीमागे झोपवायचो.

आमच्यातली तिसरी म्हणजे भावना. दोन गल्ल्या सोडून राहते, आईबरोबर. तिचा धाकटा भाऊ अंकुश गेल्या वर्षी उमरेडहून मोटरसायकलने घरी यायला निघाला आणि रस्त्यातच अपघातात गेला. त्यानंतर ती पहिल्यांदाच खेळायला आली होती, नवीन पात्र घेऊन.

"वाटसरू आहे," ती म्हणाली. "पंचवीस वर्षांचा. डाव्या हातानं जेवते. शिट्टी वाजवत चालते."

धर्मेंद्रने फासे मुठीत आवळले. "हे नाही चालणार, ताई."

"काहून?"

"गेलेल्या माणसाले पात्र बनवायचं नाही. वैद्य घ्या, तलवारवाली घ्या..."

"नाव तं दुसरंच ठेवलं न गा मी."

"नावानं काय होते?"

मी मध्येच तोंड घातलं. "घेऊ दे न गा मास्टर. माझा चोर तरी कुठं मनातला आहे? हुबेहूब माझा साळा आहे!"

कुणी हसलं नाही. भावना टेबलाकडे बघत म्हणाली, "मले त्याले फक्त घरापर्यंत न्यायचं आहे. एकदा. बस."

धर्मेंद्रने टेबलावर नकाशा पसरला. मग म्हणाला, "घ्या. पण मी नाही म्हटलं तिथं थांबायचं. घर या नकाशात नाही."

खेळ सुरू झाला. जंगल, नदी, पडका पूल. माझ्या चोराने एका साधूचा कमंडलू लांबवला. मग भावनाची पाळी आली.

"मी घरी जातो," तिचं पात्र म्हणालं.

"पूल पडला आहे."

"पोहून जातो."

"पाण्यात मगरी आहेत."

तिने फासे टाकले. सगळ्यात मोठं दान. धर्मेंद्रने पुढे दरी काढली. पुन्हा मोठं दान. त्याने डोंगर उभा केला, मग भिंत. भिंतीला दार ठेवलं नाही. कूलरसमोर बसूनही त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या गार वासात जळक्या रबराचा वास मिसळला होता... आधी पुसट, मग घशात बसेल इतका.

"मी घरी जातो."

या वेळी मी भावनाकडेच पाहत होतो. तिचे ओठ मिटलेले होते.

"तिकडं काहीच नाही!" धर्मेंद्र ओरडला. तो भावनाशी बोलत नव्हता. तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होता. "वाट नाही, घर नाही, काहीच नाही!"

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला. त्या शांततेत भावनाचा मोबाइल वाजला. तिची आई, तुळसाबाई. आवाज आम्हा तिघांनाही ऐकू येत होता.

"भावना... अंकुश आला वं. फाटकापाशी उभा आहे. आत ये म्हटलं, तं म्हणते, ताईले विचार."

धर्मेंद्र पुटपुटला, "मुक्काम सांगा, ताई. आत्ताच सांगा. पुलापाशी झोपला म्हणा..."

"तो घरी पोचला गा," भावना म्हणाली. "एवढंच तं पाहिजे होतं मले."

"वाट मी दिली नाही. मी न दिलेल्या वाटेनं कोण आलं, तुम्हाले माहीत आहे?"

मोबाइलमधून आई बोलतच होती. "उन्हात उभं आहे वं पोरगं. पाय भाजून राहिले असतील. आत घेऊ न?"

भावनाने डोळे मिटले. "नाही, आई," ती म्हणाली. "तो झोपला आहे... पुलापाशी. झोपला तो."

पलीकडून, "अवं... कुठं गेला?" आणि म्हातारीचं रडणं.

भावना त्यानंतर खेळायला आली नाही. धर्मेंद्रने फासे कुठे ठेवले, मी विचारलं नाही.

आठवड्याभराने, भावना घरी नसताना, मी तुळसाबाईंची चौकशी करायला गेलो. बाई चांगल्या दिसत होत्या. केस विंचरलेले, नवं पातळ. मला माठातलं पाणी दिलं. मग आणखी एक पेला भरला आणि बाहेर नेऊन फाटकाच्या खांबावर ठेवला.

"कोणासाठी, काकू?"

"एक तं तेव्हाच गेला, भावनानं म्हटल्याबरोबर," त्या म्हणाल्या. "मागचा थांबला न."

"मागचा...?"

"त्याच्या मागं उभा होता तो. तेवढाच उंच, तेच कपडे. तोंड दाखवत नाही अजून, लाजते." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "पण पोरगंच आहे न गा. किती दिवस उन्हात ठेवू? आज घेते आत. भावनाले नको सांगजा."

मी फाटकाकडे पाहिलं. तिथे नुसतं ऊन होतं. चपला घातल्या, फाटकाबाहेर आलो आणि सवयीने मागे वळून कडी लावायला हात घातला.

"राहू द्या, रुपरावभाऊ," बाई ओसरीवरून म्हणाल्या. "उघडंच राहू द्या."