तिसऱ्या मजल्यावरचा गारवा

मोठ्या इमारतींत वीज कुठे वाया जाते ते शोधून काढायचं, हे वर्षाली तायडेचं काम. अमरावतीच्या एका लहानशा फर्ममध्ये ती एनर्जी ऑडिटर होती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती अकोल्याला आली, बायपासजवळच्या अंबर आर्केड या मॉलमध्ये. सहा दिवस तिथले मेंटेनन्स सुपरवायझर महादेवराव किल्ल्यांचा जुडगा घेऊन तिच्यासोबत हिंडले.

तिसरा मजला जवळजवळ मेलेलाच होता. फूड कोर्ट बंद पडलेलं, गाळ्यांची शटरं खाली, वर काचेचं छत. तरी थंड हवा ढकलणारी दोन मोठी यंत्रं तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत चालत. आणि खांबाजवळच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलेलं असे.

खुशालराव आणि पार्बताबाई. मालधक्क्यामागे त्यांची टिनाची खोली होती. पार्बताबाईंचं हृदय कमजोर. उन्हापासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून दोघं साडेअकराला ऑटोनं यायची, पाच वाजता जायची. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

वर्षाली तिथे मीटर लावून बसली असताना पार्बताबाईंनी संत्रं सोललं आणि अर्धं तिच्या हातावर ठेवलं.

"घे वं बाई. मशीन पाहून पाहून डोये दुखत असतीन."

संत्रं आंबटगोड होतं. वर्षालीनं ते बिया थुंकत, तिथेच बसल्या बसल्या खाल्लं.

अहवालात तिनं लिहिलं, 'तिसरा मजला : वर्दळ नगण्य. शीतकरण पूर्णपणे बंद करावे.' टाइप करताना तिला ती दोघं आठवली नाहीत असं नाही. पण दोन माणसं कोणत्या रकान्यात भरायची, हे तिला समजलं नाही. सगळ्या सूचनांमध्ये हीच सर्वांत सोपी होती. मॉलनं ती आठवड्याभरात अमलात आणली.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती फेरतपासणीला आली. बाहेर पारा पंचेचाळीसवर होता. पहिल्या दोन मजल्यांचे आकडे हवे तसे आले. तिसऱ्या मजल्याचं नाव काढल्यावर महादेवराव जरा घुटमळले.

"तिकडं काय पाहता मॅडम? बंदच तर हाये."

"बंद आहे हेच तर पाहायचंय."

वर उकडत होतं. छतातून आलेलं ऊन फरशीवर पडून राहिलं होतं. वर्षालीनं तापमापक धरला. एकेचाळीस. फूड कोर्टापाशी बेचाळीस. ती खांबाच्या बाजूला वळली आणि तिच्या दंडावर काटा उभा राहिला. तिथे गार होतं.

तापमापक तेवीस दाखवत होता.

ती दोन हात मागे सरकली. चाळीस. पुढे आली. तेवीस.

बाकाच्या एका टोकाला खुशालराव बसले होते. उरलेला बाक त्यांनी रिकामा ठेवला होता. त्यांनी तिला ओळखलं.

"आली का पोरी? त्या बाजूनं उभी राय. इथं थे बसून हाये."

वर्षालीनं महादेवरावांकडे पाहिलं. त्यांनी तिला खांबाआड नेलं.

"गेली थे," ते हळू म्हणाले. "मशीन बंद झाल्यावर दोघं घरीच राहत. सहा मेची दुपार होती. टिन तापलेलं, लाइन गेलेली. बुढ्यानं पदर ओला करून करून तिच्या डोक्यावर ठेवला म्हनतात. तेराव्या दिवसानंतर हा एकटा आला. म्या म्हनलं, बाबाजी, आता इथं काय हाये, इथंही उकडतेच. तर म्हने, उकडत नाई. म्या बाकाले हात लावून पाहिला." महादेवरावांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. "कोनाले सांगतलं नाई, मॅडम."

वर्षालीला जे येत होतं ते तिनं केलं. पॅनेल उघडलं. दोन्ही यंत्रांचे ब्रेकर खाली होते, वर कुलूप. वायरीभोवती वीज मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. शून्य. शिडी मागवून ती बाकावरच्या हवेच्या तोंडापर्यंत चढली आणि जाळीतून बोटं आत घातली. आत कोमट धूळ होती. खालच्या मजल्याचा एकही पाइप तिथून जात नव्हता. नकाशा तिनं दोनदा पाहिला.

मग तिनं थर्मल कॅमेरा काढला. उष्ण ते लाल, गार ते निळं, असं तो दाखवतो. सगळा मजला लाल-नारिंगी होता. खुशालराव पिवळे. त्यांच्या शेजारी, बाकावर, एक निळा डाग होता.

डागाला पाठ होती. थोडी वाकलेली. वर डोकं, खुशालरावांच्या खांद्याकडे कललेलं.

तिनं काच पुसली. पुन्हा पाहिलं. डाग तिथेच होता.

त्या रात्री लॉजमध्ये तिला झोप आली नाही. सकाळी तिनं मॉलच्या मॅनेजरला लेखी दिलं की आपली सूचना चुकीची होती. तिसऱ्या मजल्यावर दुपारी माणसं बसतात, एक यंत्र बारा ते पाच सुरू ठेवा. तिच्या साहेबांनी फोनवर तिला बरंच ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं. मॅनेजरला राजी करायला तिला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला महादेवरावांनी कुलूप काढून ब्रेकर वर केला, तेव्हा ती बाकासमोर उभी होती.

यंत्र घरघरलं. जाळीतून आधी धूळ पडली, मग गार हवा आली.

खुशालरावांनी मान वर केली. मग बाकावरून हात फिरवला. आधी जवळ, मग लांब, मग परत जवळ. अंधारात चष्मा चाचपावा तसा.

"हे काय केलं, पोरी?"

"तुमच्यासाठी सुरू केलं, बाबाजी. आता रोज राहील."

"हे मशीनचं थंड हाये." त्यांचा हात अजून फिरत होता. "थे उठून गेली."

आवाजात राग नव्हता. राग असता तर वर्षालीला बरं वाटलं असतं. त्यांनी काठी घेतली आणि बंद शटरांच्या कडेकडेनं जिन्याकडे निघाले. मधे दोनदा थांबून त्यांनी मागं पाहिलं. तिनं कॅमेरा धरला. सगळा बाक एकाच रंगाचा झाला होता.

त्यानंतर चार दिवस ते आले नाहीत. पाचव्या दिवशी वर्षालीनं महादेवरावांकडून पत्ता घेतला आणि भर दुपारी दोनला एकटीच मालधक्क्यामागे गेली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घराघरांतून कूलरचा आवाज येत होता. खुशालरावांच्या खोलीतून काहीच येत नव्हतं. दाराची कडी इतकी तापलेली की तिनं ओढणीनं धरून वाजवली.

"ये, पोरी. दार लावून घे."

आत अंधूक उजेड होता. डोक्यावरचं टिन उन्हानं कटकट वाजत होतं. खुशालराव खाटेच्या काठावर बसले होते. अंगात स्वेटर, कानाला मफलर. चेहरा शांत होता, नखं निळसर.

ती जमिनीवरच बसली. वाटेत जुळवलेलं काही तिला आठवेना.

"बाबाजी, मशीन बंद करायला मी सांगितलं होतं. माझ्याच अहवालानं झालं ते. मावशी..."

"मालूम हाये मले."

"कसं?"

"तिनंच सांगतलं. म्हने, पोरीनं नोकरी केली आपली, तिच्यावर डूख नोको धरू." त्यांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "तू कावून रडून राहिली? मॉल तिले आवडे, पन किती दिवस दुसऱ्याच्या जागी बसन? घरी आली, बरं झालं."

"तुम्ही बाहेर चला थोडा वेळ. उन्हात बसा. तुमचे हात पाहा कसे झालेत."

"तिले एकटीले टाकून?"

तिनं डोळे पुसले. गालावरचं पाणी बर्फासारखं लागलं.

"हळू बोल," खुशालराव म्हणाले. "आता कुठं डोया लागला तिचा."

बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. वर्षालीनं श्वास सोडला, तिचीही निघाली.

आणि खाटेवर, रिकाम्या उशीच्या जरा वर, वाफेचा तिसरा लहानसा ढग उठला, विरला, पुन्हा उठला. संथ. गाढ झोपलेल्या माणसाचा असावा तसा.