खाडीतले गार मासे

“आई, शिवाबाबा दोन दिवस दिसले नाहीत गं,” स्नेहल मला म्हणाली होती.

“गेले असतील लेकीकडे. आधी हात धू, किती वास मारतोय!” मी म्हणाले. तेवढंच म्हणाले. पुढचं सगळं पोरांनी केलं.

दुसऱ्या सकाळी स्नेहल आणि तिचे दोस्त मिथुन आणि जागृती सानपाड्याच्या खाडीकाठच्या शेडमध्ये जरा लवकरच पोचले. सुट्टीभर ते खाडीतल्या माशांची नोंद ठेवणाऱ्या अभयसरांना मदत करत होते. खाडीकाठी एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या शिवाबाबांच्या जाळ्यात सापडलेले लेप, म्हणजे ते चपटे मासे, मोजायचे आणि लिहायचे. खाडीत लेप किती उरलेत, यावरून किती पकडू द्यायचे ते ठरणार होतं.

जागृतीनं क्रेट उघडला. लेप वर बघत पडले होते. दोन्ही डोळे एकाच बाजूला!

“कसे बघतात ना! जसं काय त्यांना आपल्याला काहीतरी सांगायचंय,” मिथुन पुटपुटला.

“गप रे भित्र्या!” म्हणत जागृतीनं एक उचलला आणि झटकन हात मागे घेतला. “ए... हा गार हाय! बर्फासारखा!”

मे महिना. खाडीचं पाणी चहासारखं कोमट. स्नेहलनं कल्ला उघडून पाहिला. खाडीच्या माशात हमखास असतो, त्या चिखलाचा कणही नाही!

तेवढ्यात अभयसर आले.

“सर, आज बाबा आले होते?” स्नेहलनं विचारलं.

“पहाटेच मासे टाकून गेला की!” सरांची मान मोबाइलमध्येच.

जागृतीनं स्नेहलला कोपर मारलं. “मग त्यांच्या पायाचं प्लास्टर निघालं का, सर?”

“निघालं, निघालं! टणाटण चालत होता.”

तिघं गारठली. बाबांच्या पायाला प्लास्टर कधी नव्हतंच!

ती बांधावरून धावत सुटली. ओहोटी लागली होती. बाबांचं जाळं खुंटांवर तसंच ताणलेलं, आत मासे सडलेले. चिटपाखरू नाही. आणि...

टक्. टक्. जरा थांबून, पुन्हा टक्.

“मिथुन, तू वाजवतोयस?”

“माझे हात खिशात आहेत, बघ ना!”

आवाज बाबांच्या पत्र्याच्या खोपटातून येत होता. दार आतून बंद. स्नेहलनं फटीला डोळा लावला. अंधारात, अगदी जमिनीलगत, दोन डोळे तिच्यावर रोखलेले! ती किंचाळली.

“पानी...” आतून आवाज आला.

मग मला फोन आला. “आई, काही विचारू नकोस, फक्त ये! माणसं घेऊन ये!”

आम्ही दार तोडलं. बाबा घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलेलं. आज तिसरा दिवस! मडक्यातलं पाणी रात्रीच संपलेलं. ते वाटीनं पत्रा वाजवत पडून होते.

आमच्या मागोमाग आलेले अभयसर पांढरेफटक पडले. “आकड्यांत खंड पडू नये म्हणून मार्केटमधून आणले लेप. मला वाटलं, म्हातारा दांडी मारतोय...”

स्ट्रेचरवरून बाबांनी बोट उगारलं. “त्या पानावर काट मार, सायेब! खाडीत नसलेला मासा लिवशील, नि उद्या खाडी रिकामी होईल तवा?” मग ते पोरांकडे वळले. “मोजनी तुमीच बरोबर केली रं. मी कमी हाय, ते तुमाला कललं!”

स्नेहलला रडू फुटलं, मलाही.

मुलांनो, तुमच्या मजल्यावर, तुमच्या गल्लीत एकटं राहणारं कोण आहे? काल दिसलं होतं का? आठवत नसेल तर पुस्तक मिटा. जा, बेल वाजवा, आणि आतून आवाज येईपर्यंत दारातून हलू नका.