सदरेवरचा चेहरा

भैरवकोटाच्या पूर्वबुरुजावर दिवस उजाडला, तेव्हा खालच्या माळावर मोगली डेऱ्यांच्या जागी नुसते राखेचे काळे डाग उरले होते; वेढा उठला होता, पण उभा पावसाळा अर्धपोटी काढलेल्या त्या गडावर नौबत झडली तीही थकल्यासारखीच. सदरेच्या भिंतीपुढे रामोजी चितारी रंग कालवत बसला होता. सरदारांचे हत्ती आणि मिशा रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि आता त्याला साऱ्याचाच शीण आला होता.

किल्लेदार विठोजीराव मागे येऊन उभे राहिले.

"रामोजी, राजधानीहून सरकारकून येताहेत. दिंडीदरवाजाचा प्रसंग आज पुरा झाला पाहिजे. दरवाजात उभे असतील ते आमचे जावई, चंद्रराव. ध्यानात आहे ना?"

"जी, सरकार."

शत्रू तटाला भिडताच चंद्रराव दारूकोठारामागे दडले होते. दिंडी राखली ती हवालदार मालोजी शिंत्र्याने, आणि तो तिथेच पडला. हे साऱ्या गडाला ठाऊक होते. पण बोलेल त्याचा कडेलोट, अशी ताकीद होती.

रामोजीने कुंचला उचलला. पूर्वी तो लुगडी रंगवणारा साधा रंगारी होता. लेक देवीच्या साथीत गेली आणि बघता बघता तिचा चेहरा आठवेनासा झाला, तेव्हा घाबरून त्याने घराच्या भिंतीवर पहिल्यांदा कोळसा ओढला होता. पुढे पोटासाठी तो भलत्यांचेच चेहरे काढत राहिला. आता मालोजीही तसाच पुसला जाणार, या विचाराने त्याचा हात चंद्ररावांकडे वळेना.

दुपारी सदर भरली. चित्रावरचा पडदा सरला.

"हे वीर कोण?" सरकारकुनांनी विचारले.

विठोजीरावांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. रामोजीने लवून मुजरा केला.

"हवालदार मालोजी शिंत्रे, साहेब. दिंडी यांनी राखली. चंद्ररावसाहेब तिथं नव्हते."

मग मालोजीची आई सगुणाबाई गर्दीतून वाट काढत आली आणि भिंतीपुढे मुकाट उभी राहिली; तिच्यामागे दिंडीवर लढलेले शिलेदार एकेक करून चित्राला मुजरा करू लागले. सरकारकुनांना निराळा पुरावा लागला नाही.

पण ते गड उतरताच विठोजीरावांनी भिंतीला चुना फासला आणि रामोजीचा उजवा अंगठा तोडून त्याला गडाखाली हाकलले. राजधानीचा हुकूम आला, विठोजीरावांची किल्लेदारी गेली, चंद्रराव कैद झाले, तोवर जखम भरून आली होती.

एके सकाळी सगुणाबाई त्याच्या खोपटात आली.

"चितारीबाबा, माझ्या घरच्या भिंतीवर मालू काढाल?"

"आई, हात गेला. आणि खरं सांगू? दमलोय आता."

"मीही दमलेय," असे म्हणून ती उंबऱ्यावर बसली.

तो उठून तिच्याबरोबर निघाला. तिच्या घरच्या भिंतीवर त्याने डाव्या हाताने कोळसा ओढला. रेघ थरथरली, चुकली.

"नाक वाकडं झालं, आई. पुसतो."

"नका पुसू. सदरेवर तुम्ही सरळ काढलं होतंत, चार लोकांत मी बोलले नाही." तिने पदर तोंडाशी धरला. "लहानपणी झाडावरून पडला होता तो. वाकडंच होतं त्याचं."