सुलाबाईंचं मनगट

सुकेशनीच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी केमो, गाठ आटली की ऑपरेशन. मी पेडगावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. वाढणाऱ्या पेशी औषधानं मरतात, त्यांच्यासोबत केसांच्या, आतड्याच्या चांगल्या पेशीही मरतात, हे मी सुकेशनीला, माझ्या बायकोला, वर्गात समजावतो तसं समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

पहिल्या केमोनंतर ती कितीतरी दिवस ओकत होती. तोंड आतून सोलवटलं. उशीवर केसांचे पुंजके दिसायचे. भाकरीचा वास सोसेना म्हणून मी शेगडी अंगणात नेली.

शेजारच्या सुलाबाई रोज यायच्या. नवरा वारलेला, लेक चारठाण्याला दिलेली. कापसाच्या वेचणीवरून आल्या की सरळ आमच्याकडंच. कळ आली की सुकेशनी त्यांचं मनगट गच्च धरायची.

"धर बाई, धर," त्या म्हणायच्या. "मला काय हुतंय?"

दुसऱ्या केमोनंतर सुकेशनी घरी आली, हातपाय धुतले आणि वरण-भात जेवली. वरून लोणचं मागितलं. मी डॉक्टरांना फोन केला. काहींना कमी त्रास होतो, ते म्हणाले. मला बरं वाटलं.

संध्याकाळी भिंतीपलीकडून ओकण्याचा आवाज आला. मी जाऊन बघितलं. सुलाबाई न्हाणीत भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"पित्त झालंय सर. इळभर उन्हात व्हते."

तिसऱ्या केमोनंतरही तसंच झालं. सुकेशनीच्या डोक्यावर मऊ काळी लव आली. सुलाबाई मात्र पदर कपाळापर्यंत ओढून बसू लागल्या. एका सकाळी त्या अंगण झाडत होत्या. खराट्यात पांढऱ्या केसांचे झुपके अडकले होते.

मी त्यांना परभणीला नेऊन रक्त तपासून घेतलं. पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्या होत्या. लॅबवाल्यानं मला बाजूला घेतलं.

"मावशींना कुठं केमो चालू आहे?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा रिपोर्ट बघितला आणि माझ्याकडं बघितलं.

त्याच आठवड्यात सुकेशनीची सोनोग्राफी झाली. गाठ वाढली होती. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.

"यांचं रक्त एकदम नॉर्मल आहे. तीन केमोनंतर असं राहत नाही. औषध अंगात गेलंच नाही असं वाटतं. पण सलाईन तर आमच्यासमोर संपलं." मग हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या डोसनंतरही आटली नाही, तर अवघड आहे सर."

घरी आल्यावर मी सुलाबाईंकडं गेलो. म्हणालो, "सुलाबाई, तुम्ही तिचं दुखणं घेऊ नका. सोडा तिला."

"म्या कुठं धरलंय, सर?"

त्यांनी बांगड्या वर सारल्या. मनगटावर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे वळ होते. दुपारचं लख्ख ऊन होतं. माझ्यादेखत ती कातडी आणखी आत दबली.

"त्या दिवशी धरलं, तवापासून सोडलंच न्हाई बघा."

सुकेशनी मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. ती एका हातानंच पानं खुडत होती. दुसरा हात मांडीवर होता, मूठ वळलेला.

"सोडलं की लय दुखतं हो," ती म्हणाली.

"गाठ वाढलीय सुकेशनी."

"त्याच म्हणल्या होत्या, धर म्हणून."

खूप वेळानं तिनं मूठ उघडली.

भिंतीपलीकडं सुलाबाई जोरात ओरडल्या. मग सगळं शांत झालं.

चौथ्या केमोनंतर सुकेशनी येताना रिक्षातच ओकली. मी तिच्यापुढं डबा धरून बसलो होतो, आणि मला आनंद झाला होता. डोक्यावरची लव झडली. तोंड पुन्हा सोलवटलं. पुढच्या सोनोग्राफीत गाठ आटलेली दिसली. डॉक्टर पहिल्यांदाच हसले.

सुलाबाई वेचणीला जाऊ लागल्या. आमची विचारपूस मात्र दारातूनच करायच्या. उंबऱ्याच्या आत येत नसत.

पाचव्या केमोला शीर सापडेना. नवीन सिस्टर होती, पिंकी नावाची, अपेक्षाएवढी, म्हणजे आमच्या लेकीच्या वयाची. दोनदा सुई टोचून झाली. सुकेशनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भ्यायचं नाही काकू," पिंकी म्हणाली. "दुखलं तर माझा हात धरा."

मी खुर्चीवरून उठलो. सुकेशनीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

परतताना मी डबा उघडून मांडीवर ठेवला होता. रिक्षा शहराबाहेर आली. सुकेशनी एक मूठ मांडीवर वळून, ताठ बसून रस्त्याकडं बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "भूक लागली."